गोबी मंचुरीची संध्याकाळ

आज संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीत लेकीच्या हट्टापायी गोबी मंचुरीच्या गाडीपाशी थांबलो आणि कढईतून निघालेल्या कुरकुरीत तुकड्यांवर लसूण व सोया सॉस पडताच जो वास दरवळला, त्यापुढे माझाही निश्चय टिकला नाही. चव खरोखरच उत्तम होती. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये या पदार्थातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, हे मला फार योग्य वाटते. मात्र पुन्हा पुन्हा तापवलेले तेल आणि मिठाचे प्रमाण यांची काळजी उरतेच, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रात्री आईने थापलेल्या गरम भाकरीचे लेकीने जेमतेम दोन घास खाल्ले, तेव्हा मन खट्टू झाले.