दहा डॉलरची नोटरी

टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात कोण ‘राज्यातला’ आणि कोण ‘बाहेरचा’ हे ठरवणं माझं काम. आपल्याकडे डोमिसाइलसाठी तहसील कचेरीत जी कागदं नाचवावी लागतात, साधारण तसलाच प्रकार. इथे त्या एका शेऱ्यावर फी दुप्पट-तिप्पट होते.

बुधवार, ४ जून २०२५. बातमी आली की केंद्र सरकारने टेक्सासवर खटला भरलाय. इथे वाढलेल्या, पण अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांना राज्यातल्यांची फी लावणारा २००१ चा कायदा रद्द करा म्हणून. असा कायदा करणारं टेक्सास पहिलं राज्य, आणि त्यावर सही रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची! मी शेजारणीला म्हटलं, “कोर्टाचं काम, वर्षं जातील.”

त्याच दिवशी निकाल लागला. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी विरोध केलाच नाही. वादी-प्रतिवादी एका ताटात जेवले आणि कायदा रद्द करण्यावर न्यायाधीशांनी सही केली.

मुद्दा बारीक आहे. १९९६ चा केंद्रीय कायदा म्हणतो, अशा मुलांना वास्तव्यावरून सवलत द्यायची असेल तर ती देशातल्या कुठल्याही नागरिकाला मिळाली पाहिजे, मग तो कुठेही राहो. कॅलिफोर्नियाने वास्तव्याऐवजी राज्यातल्या हायस्कुलात ३ वर्षं शिकल्याची अट घातली. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ती टिकली. टेक्सासने मात्र सरळ ‘३६ महिने राज्यात वास्तव्य’ लिहून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी काउंटरवर एक मुलगी. हातात त्या सवलतीसाठी लागणारं अ‍ॅफिडेव्हिट : पात्र होताच ग्रीनकार्डसाठी अर्ज करीन. असे शेकडो कागद मी फाइलला लावलेत. नोटरीची तारीख ४ जून.

“काल तर चालत होतं ना?”

सकाळी केलंस की दुपारी, असं विचारणार होते, जीभ चावली. माझा मुलगा एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर होता, तरी त्याला राज्यातल्यांची फी लागली, कारण त्याचा व्हिसा होता. तो नववीत इथे आला. ही दोन वर्षांची असताना आलेली.

साहेबांना विचारलं. “वरून पत्र येईपर्यंत काही बोलू नकोस. कागद ठेवून घे.”

“ठेवून घेऊ?” मी तिला विचारलं.

“नको, परत द्या. दहा डॉलर दिलेत नोटरीला.”

मी झेरॉक्स काढली आणि मूळ कागद तिच्या हातात दिला.