रशियन शिकताना खरं अडतं कुठे

रशियन लिपी आठवड्याभरात येते. ३३ अक्षरं आहेत: १० स्वर, २१ व्यंजनं आणि दोन नुसत्या खुणा. रोज पाच अक्षरं हाताने गिरवली, तर सातव्या दिवशी दुकानांच्या पाट्या वाचता येतात. इंग्रजी बीसारखं दिसतं ते 'व', पीसारखं दिसतं ते 'र', एचसारखं दिसतं ते 'न'. हा गोंधळ पंधरा दिवसांत आपोआप मिटतो. हस्ताक्षर मात्र वेगळं शिकावं लागतं. हाताने लिहिलेला 'त' बऱ्याचदा इंग्रजी एमसारखा दिसतो आणि 'द' जीसारखा, त्यामुळे छापील पान घडाघडा वाचणाऱ्याला साधी चिठ्ठी लागत नाही. पहिल्या दिवसापासून जोडून लिहायची वही करावी आणि लिपीचा विषय तिथे संपवावा.

रशियन शिकताना आपण प्रत्येक गोष्ट आधी इंग्रजीत समजून घेतो. मीही तेच केलं आणि त्यात पहिलं वर्ष गेलं. मराठीचा हात धरला, तर निम्म्या अडचणी सुरुवातीलाच सुटतात. मग जी उरते ती खरी अवघड रशियन, आणि वेळ तिच्यावर खर्च करावा.

उच्चारांपासूनच बघा. 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च ही रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत आणि दोन्ही आपल्या तोंडात तयार आहेत. त आणि द आपल्यासारखेच दंत्य. रशियन 'श' जीभ मागे वळवून म्हणायचा, म्हणजे पाठशाळेत 'ष' शिकवतात तसा. अडतं ते मृदू व्यंजनांवर. 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि शेवटचा त मृदू केला की 'ब्रात्य', म्हणजे घेणं. आपण त्यात सुटा 'य' म्हणतो आणि तिथेच चुकतो. 'त्य' म्हणायला निघावं, जिभेचा मधला भाग टाळ्याकडे न्यावा आणि 'य' ऐकू येण्याआधी थांबावं. दुसरी अडचण एका स्वराची, जो मराठीत नाही. ओठ 'ई'सारखे फाकवायचे आणि जीभ 'ऊ'साठी नेतो तशी मागे न्यायची. 'मारणं' आणि 'असणं' या दोन क्रियापदांत फरक करणारा हाच स्वर आहे, म्हणून तो टाळून चालत नाही.

या सगळ्यापेक्षा जड जातो तो आघात. मराठीत शब्दातलं कोणतंही अक्षर जरा जोर देऊन म्हटलं तरी अर्थ बदलत नाही. रशियनमध्ये बदलतो, आणि आघात कुठे आहे हे छापलेलंच नसतं. 'प्लचू' म्हणजे मी पैसे देतो. तोच शब्द, तीच अक्षरं, पण जोर पहिल्या स्वरावर दिला की 'प्लाचु', म्हणजे मी रडतो. शिवाय ज्या स्वरावर जोर नाही तो विरतो. दुधाचं स्पेलिंग मोलोको, उच्चार 'मलाको'. स्पेलिंगप्रमाणे तिन्ही ओ ठासून म्हटले, तर रशियन माणसाला शब्द ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. एकाच शब्दाच्या रूपांत आघात सरकतो, तेव्हा अवघडपणा दुप्पट होतो. 'रुका' म्हणजे हात. 'रुकी' म्हणजे हाताचा. 'रूकि' म्हणजे अनेक हात. शेवटची दोन रूपं कागदावर अगदी सारखी दिसतात.

यावर मला एकच उपाय लागू पडला. नवा शब्द आघाताच्या खुणेशिवाय वहीत घ्यायचाच नाही, आणि शेजारी देवनागरीत त्याचा उच्चार आघाताचा स्वर दीर्घ करून लिहायचा. आपला ऱ्हस्व-दीर्घ इथे फार कामाला येतो, कारण रशियनमध्ये आघाताचा स्वर खरोखरच थोडा लांबतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत आणि लहान मुलांच्या गोष्टींत खुणा छापलेल्या असतात. वर्तमानपत्रात नसतात, म्हणून पहिलं वर्षभर वर्तमानपत्र वाचू नये. शंका आली तर ग्रामोता डॉट रू या संकेतस्थळावर आघात फुकट तपासता येतो.

विभक्तींची भीती मात्र मराठी माणसाने बाळगू नये. रशियनमध्ये सहा विभक्ती, आपल्याकडे शाळेत आठ पाठ केलेल्या. तीन लिंगंही आपल्याला नवीन नाहीत. 'मला आवडतं', 'मला थंडी वाजते', 'मला जायला हवं' ही सगळी वाक्यं रशियनमध्येही 'मला'नेच सुरू होतात: म्न्ये. इंग्रजीतून गेलं की हीच वाक्यं उलटीपालटी होतात. 'भावाला पाहतो' पण 'टेबल पाहतो' हा सजीव-निर्जीव भेदही तिथे बराचसा असाच आहे. कष्ट पडतात ते प्रत्ययांवर. आपला 'ला' सगळ्या नामांना चालतो. रशियन प्रत्यय लिंग, वचन आणि शब्दाचा शेवट पाहून बदलतो, आणि विशेषणही नामाबरोबर बदलतं. तक्ता भिंतीवर लावावा, पण पाठांतर वाक्यातूनच करावं, एका आठवड्याला एक विभक्ती.

दोन ठिकाणी मराठीच आपल्याला फसवते. आपण 'मी मॉस्कोत आहे' म्हणतो आणि 'मी मॉस्कोत जातो' असंही म्हणतो. प्रश्नही दोन्हीकडे 'कुठे?'. रशियनमध्ये आहे तिथे 'व मस्क्व्ये' आणि जातो तिथे 'व मस्क्वू'. प्रश्नसुद्धा वेगळे, 'ग्द्ये' आणि 'कुदा'. 'डॉक्टरकडे'चंही तेच. जाताना 'क व्रचू', तिथे असताना 'उ व्रचा', तिथून येताना 'अत व्रचा'. म्हणून वाक्य बोलण्याआधी मनातला 'कुठे' कोणता आहे ते ठरवायचं: ग्द्ये की कुदा. दुसरी फसवणूक भूतकाळाची. 'मी चिठ्ठी लिहिली' यात आपलं क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं, रशियन क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे. पुरुषाने 'या नपिसाला' म्हटलं, की तो स्वतःबद्दल स्त्रीलिंगात बोलला असं होतं. त्याने 'नपिसाल' म्हणायला हवं.

आकड्यांनी फार दमवलं. एक रुबल 'रूब्ल्य'. दोन, तीन, चार म्हटलं की षष्ठी एकवचन: 'द्वा रुब्ल्या'. पाचपासून वीसपर्यंत षष्ठी अनेकवचन: 'प्यात्य रुब्ल्येय'. २१ ला पुन्हा 'रूब्ल्य', २२ ला 'रुब्ल्या', २५ ला 'रुब्ल्येय'. शेवटचा शब्द पाहायचा, आणि ११ ते १४ नेहमी पाचच्या गटात. वर्षांना तर शब्दच बदलतो: १ 'गोत', २ 'गोदा', ५ 'ल्येत'. त्यात षष्ठी अनेकवचन हीच सगळ्यांत बेभरवशाची विभक्ती आहे. टेबलाचं 'स्तलोफ', समुद्राचं 'मर्येय', खिडकीचं 'ओकन', आणि पुस्तकाला प्रत्ययच नाही, नुसतं 'क्नीक'. इथे नियम शोधण्यापेक्षा बाजाराची यादी करून रोज मोठ्याने वाचावी. तीन अंडी, सात अंडी, एकवीस अंडी, असं.

पण रशियनचा गाभा क्रियापदांत आहे. जवळजवळ प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदं: एक चालू असलेल्या, नेहमीच्या किंवा नुसत्या घडल्याच्या क्रियेसाठी, दुसरं पुरी झालेल्या क्रियेसाठी. 'चिताल' म्हणजे वाचत होता किंवा वाचलं आहे, 'प्रचिताल' म्हणजे वाचून काढलं. पुस्तकं याला 'अपूर्ण' आणि 'पूर्ण' म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण काम पुरं होऊनही कितीदा अपूर्ण रूपच लागतं. 'ब्रात प्रिशोल' म्हणजे भाऊ आलाय, तो इथेच आहे. 'ब्रात प्रिखदील' म्हणजे भाऊ येऊन गेला. 'अत्क्रील अक्नो' म्हणजे खिडकी उघडली आणि ती उघडीच आहे. 'अत्क्रिवाल अक्नो' म्हणजे मध्ये उघडली होती, आता बंद आहे. ही दुसरी छटा इंग्रजीतून समजायला मला पानभर खुलासा वाचावा लागला. 'येऊन गेला' या दोन शब्दांत ती मराठीने एका क्षणात सांगितली.

काही नियम मात्र पक्के आहेत आणि ते आधी बसवावेत. 'सुरू करणं', 'संपवणं', 'चालू ठेवणं' यांच्यानंतर नेहमी अपूर्ण रूप. 'करू नका' असं सांगतानाही अपूर्ण. पण 'पडशील हं', 'विसरू नकोस' अशा सावधगिरीच्या बोलण्यात पूर्ण. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. त्याची ती रूपं भविष्याचा अर्थ देतात. वहीत क्रियापद एकटं कधी लिहू नये, जोडीनेच लिहावं. 'बोलणं-सांगणं' आणि 'घेणं' यांसारख्या क्रियांच्या जोड्यांत दोन शब्दांचा एकमेकांशी संबंधच दिसत नाही, 'गवरीत्य' आणि 'स्कझात्य', 'ब्रात्य' आणि 'व्झ्यात्य'. त्या सुट्या शिकल्या तर डोक्यात जुळत नाहीत.

शेवटचा घाट जाण्यायेण्याच्या क्रियापदांचा. 'मी पुण्याला जातोय' म्हणायचं, तर आधी ठरवायचं: पायी की वाहनाने? पायी 'इत्ती', वाहनाने 'येखत्य'. मग ठरवायचं: आत्ता एकाच दिशेने, की नेहमी किंवा जाऊन येणं? नेहमीसाठी तीच क्रियापदं बदलतात, 'खदीत्य' आणि 'येझ्दित्य'. मॉस्कोहून दुसऱ्या गावाला जाताना 'इत्ती' वापरलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं हा चालत निघालाय. गंमत अशी की आगगाडी आणि पाऊस मात्र 'इत्ती'नेच चालतात. अशा साधारण चौदा जोड्या आहेत: उडणं, पोहणं, धावणं, उचलून नेणं, हात धरून नेणं, वाहनातून नेणं.

त्यावर उपसर्ग येतात. 'प्रिशोल' आला, 'उशोल' निघून गेला, 'वशोल' आत आला, 'झशोल' वाटेत डोकावून गेला, 'दशोल' अखेर पोहोचला, 'पदशोल' जवळ गेला. एक फरक रोज लागतो. फोनवर विचारलेला माणूस 'उशोल' असेल, तर तो निघून गेला, वाट पाहू नये. 'विशिल' असेल, तर जरा बाहेर गेलाय, परत येईल.

रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांना हे आणखी जवळून लागतं. वर्ग इंग्रजीत चालले तरी वॉर्डातला रुग्ण रशियनमध्येच सांगतो की दुखणं कधी आलं, कधी गेलं आणि कुठे सरकलं. ज्यांना रशियनमधून पदवी करायची आहे, त्यांना आधी साधारण वर्षभराचा तयारी अभ्यासक्रम आणि परदेशी लोकांसाठीच्या रशियन भाषेच्या चाचणीची बी-१, म्हणजे मधली, पातळी लागते. तिचा शब्दसाठा सुमारे २३०० शब्दांचा आहे आणि भाग पाच: व्याकरण व शब्द, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. व्याकरणाच्या भागात गुण जातात ते याच दोन गोष्टींवर, क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या आणि जाण्यायेण्याची क्रियापदं.

या क्रियापदांसाठी मी एक रोजचा पाठ ठेवला होता, तो अजून करते. रात्री त्या दिवसाचा आपला रस्ता आठ वाक्यांत लिहायचा. घरातून बाहेर पडले, थांब्यापर्यंत पोहोचले, बसने गेले, वाटेत औषधाच्या दुकानात डोकावले, रस्ता ओलांडला, परत आले. दुसऱ्या दिवशी तेच 'रोज' या शब्दाने सुरू करून लिहायचं, म्हणजे प्रत्येक क्रियापद बदलतं. तिसऱ्या दिवशी 'उद्या' घालायचं. सहा आठवड्यांनी उपसर्ग हाताला आपोआप सापडायला लागतात.