आमची वाटचाल : चवथीच्या मातीपासून कांस्याच्या घोड्यापर्यंत

डिचोली तालुक्यातल्या आमच्या चित्रशाळेला बाबांच्या काळी दोनच हंगाम होते. चवथीआधी गणपती आणि शिगम्याआधी घोडेमोडणी या नाचाचे घोडे. कामट्यांचा सांगाडा, पुढे घोड्याचं तोंड, वर रंगीत कापड आणि फुलं. नाचणारा तो कमरेला बांधतो आणि ढोलताशावर तलवार परजत धावतो. त्या घोड्याला पाय नसतात, माणसाचे पाय तेच त्याचे. म्हणून एका गृहस्थांनी "कांस्यात ओतायचा ११ फुटी घोडा कराल का?" असं विचारलं, तेव्हा मी आधी पायांपाशीच अडलो.

होकार दिला आणि पणजीला जाऊन संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या पाद्री फारियाबाबांच्या (आबे फारिया) पुतळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. तो १९४५ साली आपल्याच गोव्याच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवला. त्यातली, संमोहित स्त्रीवर हात पसरून झुकलेल्या फारियांची ती झेप पाहून धीर आला.

मग घोडा शिकलो. त्याच्या पुढच्या पायाचा गुडघा आपण म्हणतो, ते खरं तर मनगट. मागच्या पायाचा उलटा वाटणारा गुडघा ही टाच. एवढं मोठं जनावर प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभं असतं! हे कळल्यावर माझी आधीची सगळी चित्रं मी बाजूला ठेवली.

२२ इंचांचा नमुना घेऊन कोल्हापूरला ओतकाम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला होता. त्यांनी नमुना फिरवून पाहिला आणि विचारलं, "पाव्हणं, टनभर वजन तीन पायांवर येणार. पायांत पोलाद घालायला जागा ठेवलीय का?" ठेवली नव्हती. घोट्याची जाडी तिथेच बदलली, आणि टेकलेल्या तिन्ही पायांतून पोटापर्यंत चढणारे, खुराखाली काँक्रीटमध्ये उतरणारे पोलादी गज आखले.

मोठ्या घोड्याला लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर जवळपास दोन टन माती. गणपतीची माती पाटावर बसते, घोड्याच्या पोटाची माती मात्र खाली लोंबते. तिला धरायला लाकडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या बांधून तारेने आत सोडाव्या लागतात. मी त्या कमी सोडल्या. एका पहाटे शाळा उघडली तर पोट जमिनीवर! सगळं उतरवलं, दुप्पट फुल्या बांधल्या. तीन आठवडे गेले.

पावसाळ्यात माती ओली राहते, हे आमच्या पथ्यावर पडलं. पण श्रावण लागला की शाळा गणपतींची असते, त्यात तडजोड नाही. घोडा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि चवथीनंतर उघडला. तोवर तांब्याचा भाव चढला आणि पुढचा हप्ता लांबला. लिओनार्दो दा विंचीचा मिलानमधला प्रचंड मातीचा घोडा मला तेव्हा रोज आठवायचा. त्याच्यासाठी ठेवलेलं कांस्य १४९४ मध्ये तोफांसाठी गेलं आणि १४९९ मध्ये फ्रेंच सैनिकांनी मातीच्या घोड्यावर बाणांचा सराव केला. मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिलो.

हप्ता आला. प्लास्टरचा साचा कोरड्या दिवसांत घेतला, त्यातून फायबरची प्रत काढली आणि तिचे तुकडे टेंपोने चोर्ला घाटातून कोल्हापूरला नेले. तिथे प्रत्येक तुकड्याची मेणाची प्रत झाली, तिच्यावर साचा चढला, भट्टीत मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत धातू ओतला. ८५ टक्के तांबं, उरलेल्यात कथील, जस्त आणि शिसं सारखंच. जाडी सात मिलिमीटरच्या आसपास. थंड होताना धातू आकसतो, ११ फुटांत साधारण दोन इंच. ते धरून मी मातीतच घोडा तेवढा वाढवून ठेवला होता. मानेवरचा जोड दोनदा कापून पुन्हा वेल्ड करावा लागला. आयाळीची रेघ जुळत नव्हती, आणि ती तशी सोडणं मला जमलं नसतं.

घोडा उभा राहिला त्या दिवशी त्याला हात लावायला बाबा स्वतः आले होते.

आता दरवर्षी मिरगाआधी आमचा मुलगा शिडी घेऊन जातो. समुद्राची खारी हवा कांस्य खाते, म्हणून घोडा गोड्या पाण्याने धुवून, सुकवून त्यावर मेण चढवतो. उचललेल्या खुराच्या खालच्या बाजूला मीठ जास्त साचतं. तिथे तो दोनदा हात फिरवतो.