हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात

मशीन उद्या ‘हाल्ब आख्ट’ला सुरू करू, असं टेक्निशियन सांगतो. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. सोलापूरहून तीन महिन्यांच्या रिसर्च इंटर्नशिपला जर्मनीत आलेला तिसऱ्या वर्षाचा मुलगा साडेआठला हजर होतो. टेक्निशियन साडेसातपासून वाट बघत असतो, आणि असा वाया गेलेला तास इथले लोक फार दिवस लक्षात ठेवतात.

राग याचा येतो, की मराठी माणसानं ही चूक करायचं कारणच नाही. पावणेआठ म्हणताना आपण येणाऱ्या तासाचंच नाव घेतो ना? जर्मन माणूस अर्ध्या तासालाही तेच करतो. आठच्या दिशेनं अर्धा तास सरला, म्हणून हाल्ब आख्ट. ड्रेस्डेनकडे तर ‘ड्रायफिअर्टल आख्ट’ म्हणतात, पाऊण आठ, म्हणजे थेट आपलं पावणेआठ. तिथलंच ‘फिअर्टल आख्ट’ मात्र सव्वासात, हे जपा. आखेनला, पश्चिमेकडे, ‘आठला पाव कमी’ असं सरळ सांगतात. दीडला त्यांच्याकडे ‘आंडर्टहाल्ब’ असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीत तसा एक शब्द कुठे आहे?

म्हणून माझा आग्रह आहे, जर्मन मराठीतून शिका. सत्तेचाळीस त्यांच्याकडे ‘झीबन-उंड-फिअर्त्सिश’, सात आणि चाळीस, आपल्यासारखंच एकक आधी. ‘फॉर्टी सेव्हन’वर वाढलेला मुलगा ऐकताना ७४ लिहून बसतो. झेडचा उच्चार चमच्यातल्या ‘च’सारखा. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, फक्त कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठ करावं लागतं. मुलीला ते नपुंसकलिंगी ‘डास मेटशन’ म्हणतात याचं इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हसू येतं; आपल्याकडे ‘ते पोरगं’ चालतंच की. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, रिक्षात दखनी ऐकत मोठं झालेल्या पोरांनी ‘मला भाषा जमत नाही’ म्हणावं, हे पटत नाही.

पेपर इंग्रजीत, मीटिंग इंग्रजीत, प्रोफेसरांची ईमेलही इंग्रजीत. मग जर्मन कशाला? वर्कशॉपसाठी. मशीनवरच्या पाट्या आणि सेफ्टीचे फलक बहुतेक वेळा जर्मनमध्येच असतात, आणि जुना टेक्निशियन इंग्रजीत अडखळतो. लाल बटण ‘नोट-आउस’, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. कापडाच्या कामात ‘केटे’ म्हणजे ताणा, उभे धागे; ‘शुस’ म्हणजे बाणा, आडवे धागे. यूटीएमच्या, म्हणजे नमुना ओढून त्याची ताकद मोजणाऱ्या मशीनच्या, पडद्यावर ‘आइनश्पानलेंगे’ म्हणजे दोन जबड्यांमधली लांबी आणि ‘फोरक्राफ्ट’ म्हणजे सुरुवातीचा हलका ताण. एवढे शब्द आले, तरी पहिला दिवस निभतो.

आखेनची आयटीए आणि ड्रेस्डेनची आयटीएम या टेक्स्टाइल संस्था सोलापूरच्या मुलांनी जरूर बघाव्यात. ड्रेस्डेनला २०२२ मध्ये ‘क्यूब’ नावाची इमारत पूर्ण झाली. लोखंडी सळईऐवजी तिच्या काँक्रीटमध्ये कार्बन तंतूंचं जाळीदार कापड आहे. मागावरचा धोटा आणि कांडी घरात बघितलेल्या मुलाला ती जाळी परकी वाटणार नाही. एक मात्र सांभाळा: कार्बनचे बारीक तुटके तंतू वीज वाहून नेतात, ते इलेक्ट्रिक पॅनलमध्ये गेले की शॉर्टसर्किट होऊ शकतं.

सगळ्यात जास्त काम फुकट जातं ते स्वल्पविरामामुळे. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम आणि हजाराची खूण म्हणजे टिंब. यूटीएमच्या फाइलमधले १२,५०० म्हणजे साडेबारा न्यूटन. आपल्या लॅपटॉपवरचं एक्सेल त्याला साडेबारा हजार समजतं. उलट त्यांचे १.२५० म्हणजे साडेबाराशे, आपल्या एक्सेलला सव्वा. ग्राफचा आकार ठीक दिसतो, म्हणून शंका येत नाही. फाइलवर डबल क्लिक करूच नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत घ्या आणि तीन गोष्टी हातानं सांगा: रकाने अर्धविरामानं तोडलेले, दशांश स्वल्पविरामानं, हजार टिंबानं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पांडासमध्येही याच तीन सेटिंग आहेत. मग एका नमुन्याचा कमाल भार मशीनच्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा.

नमुन्यांचं तसंच. आयएसओ १३९३४-१ या कापडाची ताकद मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कापडाची पट्टी ५० मिलिमीटर रुंद, जबड्यांत साधारणपणे २०० मिलिमीटर, ताण्याच्या दिशेनं किमान पाच आणि बाण्याच्या दिशेनं किमान पाच. त्याआधी पट्ट्या २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवायच्या. दोन-दोन तासांनी वजन केल्यावर फरक ०.२५ टक्क्यांच्या आत आला, की त्या तयार. सुती धागा दमट हवेत जास्त ताकद दाखवतो. मेमधल्या सोलापूरच्या कोरड्या हवेतलं रीडिंग आणि इथलं रीडिंग म्हणूनच जुळत नाही. पट्टी जबड्यापासून पाच मिलिमीटरच्या आत तुटली तर तशी नोंद करायची. गाळायची की नाही, ते मानकातल्या नियमानं ठरवायचं.

आपल्या कॉलेजांतल्या प्रॅक्टिकलवर टीका होते, की एकानं रीडिंग घ्यायचं आणि बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवायचं. हे खरं आहे. पण एका मशीनवर वीस जणांची बॅच असेल तर दुसरं काय होणार? इथे एका मुलाला अख्खी सकाळ मशीन मिळतं. हा फरक सोयीचा आहे, आमच्या पोरांच्या डोक्याचा नाही.

अहो-जाहो आपल्याइतकंच कडक आहे. ‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. मोठ्यांनी ‘डू म्हण’ असं सांगितल्याशिवाय ‘डू’वर यायचं नाही. दुपारी जेवायच्या वेळी जिन्यात कोणी ‘मालत्साइट’ म्हणालं, तर तेच परत म्हणायचं.

निघण्याआधी ए-१ एवढं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, जर्मन हवंच. पुण्यात मॅक्स म्युलर भवन ही जर्मन शिकवणारी संस्था आहे, हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन चौकशी करता येते. इंटर्नशिप बारा आठवड्यांची, म्हणजे ८४ दिवसांची ठेवा. ९० दिवसांच्या वर गेलात की व्हिसाचा प्रकारच बदलतो.

आणि कोणी हाल्बमध्ये वेळ सांगितली, की तिथेच आकड्यात परत म्हणून दाखवा: ‘झीबन ऊअर ड्रायसिश?’ समोरचा ‘या, गेनाउ’, म्हणजे ‘हो, बरोबर’, म्हणाला, की मगच फोनमध्ये गजर लावा.