मागचे चार: जुन्या सिटीच्या आठ प्लगांची नोंद

बडवाहहून इंदूरला परत येताना भेरूघाटात गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये हिसके द्यायला सुरुवात केली. खाली निमाडात सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नव्हती. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की मिसिंग, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकायचा. पाय थोडा सोडला की पुन्हा नीट. घाटभर मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढत आले आणि सिमरोलला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की या वेळी मागचे चार स्पार्क प्लग (सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीने पेटवणारे) मी स्वतः काढणार.

गाडी २००६ ची होंडा सिटी झेडएक्स. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवते. मीटरवर १,१८,००० च्या आसपास. ज्यांच्याकडे हे इंजिन आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: १४९७ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि आठ स्पार्क प्लग. प्रत्येक सिलिंडरला दोन. इंजिनाच्या नावातलं आय-डीएसआय म्हणजे इंटेलिजंट ड्युअल अँड सिक्वेन्शियल इग्निशन. एक प्लग इनटेकच्या (मिश्रण आत येतं त्या) बाजूला, दुसरा एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जातो त्या). इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर आधी इनटेककडचा पेटतो आणि क्षणभराने एक्झॉस्टकडचा. फेऱ्या वाढल्या की दोन्ही एकदम. दोन्हीकडून जाळ धरल्यामुळे मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. या गाडीचं शहरातलं ॲव्हरेज आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ मला आजही आवडते, ती बरीचशी यामुळेच.

पण या आठांपैकी चार समोर आहेत, बोनेट उघडलं की हाताशी. उरलेले चार इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला, आणि त्यांच्या डोक्यावर वायपरचा सगळा संसार.

बाबांच्या फायलीत प्रत्येक सर्व्हिसचं बिल आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ‘स्पार्क प्लग बदलले’ त्याचंही निघालं. नग: ४. मी मागची सगळी बिलं उलटून पाहिली. जिथे जिथे प्लग आहेत तिथे तिथे नग चारच. म्हणजे मागचे चार बहुधा कारखान्यातून आले तेच, एकोणीस वर्षांचे. बाबांनी चष्मा लावून बिलं पुन्हा एकदा स्वतः वाचली आणि म्हणाले, “अगं, मी दर वेळी विचारायचो, सगळे बदलले ना म्हणून.” त्यांना वाईट वाटलं. ही गाडी त्यांनी फार जपली आहे.

शनिवार, सकाळ: मागे हात न घालता तपास

दोन प्लगांची गंमत अशी की एक मेला तरी दुसरा सिलिंडर चालवत राहतो. आयडलला जेमतेम थरथर जाणवते. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. पण याच गोष्टीचा तपासाला उपयोग होतो. इंजिन बंद करायचं, पुढच्या एका कॉइलचा (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) कनेक्टर काढायचा, इंजिन सुरू करून पंधरा-वीस सेकंद ऐकायचं. त्या सिलिंडरचा मागचा प्लग धड असेल तर इंजिन थोडं मंदावेल, पण चौघंही चालतील. मागचा मेलेला असेल तर तो सिलिंडर पूर्ण बसेल आणि गाडी हादरायला लागेल. मग बंद करून कनेक्टर परत लावायचा आणि त्यानंतरचा सिलिंडर तपासायचा. जास्त वेळ चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं आणि तो तापतो.

पहिला ठीक. दुसऱ्याला (टायमिंग चेनच्या बाजूने मोजते आहे) गाडी अशी हादरली की डॅशबोर्डवरचा गणपती हलायला लागला. तिसरा ठीक, चौथा किंचित मंद. आरोपी सापडला. तरी काढायचे चारही, कारण वय चौघांचं एकच.

दुपारी सियागंजात गेले. १६ नंबरचा चुंबकवाला प्लग सॉकेट, सहा इंची आणि तीन इंची एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट. टॉर्क रेंच (किती आवळलं ते दाखवणारा पाना) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) घरी होते. प्लग आठ घेतले, पुढचेसुद्धा, म्हणजे सगळ्यांचा हिशेब एका तारखेपासून सुरू होईल. पुढच्या जुन्या प्लगवर बीकेआर६ई-११ होतं, हँडबुकशी ताडून तेच घेतले. हा नंबर वाचता आला की दुकानात कुणी ‘हा पण चालतो’ म्हणून दुसरा हातात ठेवत नाही: बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ चा षटकोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे, आणि ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप, ठिणगी पडते ती फट. आट्यांची लांबी चुकली तर प्लग पिस्टनला लागण्याचीही भीती असते, तेव्हा तेवढं अक्षर तरी नक्की बघा.

रविवार, सकाळी साडेसहा: वायपरचा संसार

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. हेड (इंजिनाचा वरचा भाग, प्लग यातच बसतात) ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम हेडमधून जुना प्लग ओढला तर आटे सोबत येतात. त्यामुळे मी पहाटेची वेळ धरली. सुदामा नगरात आमच्या घरासमोर कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत नऊ-दहापर्यंत काम करता येतं.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. मग विंडशील्डवर मास्किंग टेपने वायपर कुठे थांबतात त्याच्या खुणा केल्या. हे विसरलं की परत बसवताना वायपर एक तर काचेच्या कडेवर आपटतात नाही तर बोनेटवर. काचेवर आईची जुनी गोधडी चौघडी घालून पसरली, कारण स्प्रिंगचा हात सुटून आपटला तर काच जाते. वायपरचे नट सहज निघाले पण हात शाफ्टला घट्ट धरून बसले होते. गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबले, हात उभा करून दोन्ही बाजूंना हलवत हलवत काढला. पान्याने उचकटू नका, शाफ्टचे बारीक दाते लगेच खराब होतात.

त्याखाली प्लॅस्टिकची जाळी, म्हणजे काऊल. एकोणीस वर्षं उन्हात तापलेलं प्लॅस्टिक, त्याच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात. मी जास्तीच्या आणून ठेवल्या होत्या, तीन लागल्या. जाळी उचलली आणि खाली कडुनिंबाच्या पानांचा ओला थर, गेल्या पावसाळ्यातला गाळ आणि पाणी जायची वाट पूर्ण बुजलेली. भाच्याने ते सगळं हाताने काढलं, दोन घमेली भरली. हे पाणी तुंबून नेमकं खाली मागच्या कॉइलांच्या बाजूला झिरपत असणार असं मला तेव्हाच वाटलं. पुढे त्याचा पुरावाही मिळाला.

मग वायपरची मोटर आणि लिंकेज एकत्रच बाहेर काढलं, आणि त्याखालचा पत्र्याचा ट्रे. बोल्ट बहुतेक १० चे. प्रत्येक बोल्ट जिथून काढला तसाच पुठ्ठ्यावर खोचत गेले, पुठ्ठ्यावर ट्रेचं चित्र काढलं होतं. ट्रे निघाला आणि मागचे चार कॉइल पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. साडेआठ वाजले होते. बाबा खुर्ची घेऊन शेजारीच बसले होते, उठून वाकून पाहिलं आणि म्हणाले, “एकोणीस वर्षांत मीसुद्धा आत्ताच बघतोय.”

कॉइल आणि प्लग

कनेक्टरच्या खटक्या वयाने ठिसूळ झालेल्या असतात. खटकी अंगठ्याने पूर्ण दाबूनच कनेक्टर ओढायचा, वायरला धरून कधीच नाही. कॉइलचा बोल्ट काढला की कॉइल सरळ वर ओढू नका. आधी डावीउजवीकडे फिरवून रबरी बूट प्लगवरून सुटा करा, मग ओढा. पहिला, तिसरा, चौथा असे निघाले. दुसरा हलेना. पाच-पाच मिनिटांनी थोडा थोडा फिरवत राहिले, तेव्हा बूट एका बाजूने चिरलेला बाहेर आला.

कॉइल निघाल्यावर लगेच प्लग सोडायचा नाही. प्लग ज्या खड्ड्यात बसतो त्यातली धूळ, वाळू, पानांचा चुरा आधी बाहेर आला पाहिजे, नाही तर प्लग निघताच ते सिलिंडरमध्ये पडणार. मी सायकलच्या पंपाला फुटबॉलची सुई लावून चारही खड्डे फुंकून घेतले, डोळ्यांवर चष्मा लावून. मग प्रत्येक प्लग पाव फेरा सैल केला, पुन्हा फुंकलं, आणि मगच पूर्ण काढला.

मागे जागा इतकी कमी की लांब एक्स्टेन्शन एकदम जात नाही. सॉकेट आणि छोटं एक्स्टेन्शन आधी खड्ड्यात सोडायचं, त्यावर जॉइंट, मग रॅचेट. तिसरा प्लग किरकिरत निघत होता. असं झालं की जोर लावायचा नाही. अर्धा फेरा मागे, एक थेंब स्प्रे, थोडी वाट, पुन्हा सोडायचा. अशी चार-पाच आवर्तनं झाली आणि तो हेडच्या आट्यांना धक्का न लावता सुखरूप आला. त्या एका प्लगला पाऊण तास लागला आणि तो सार्थकी लागला, कारण हेडचे आटे गेले असते तर काम घराबाहेर गेलं असतं.

चौघांना ओळीने पुठ्ठ्यावर ठेवलं, पुढचे चार त्यांच्या वरच्या ओळीत. पुढचे फिकट तपकिरी, गॅप १.१. मागच्यांचे मधले इलेक्ट्रोड झिजून गोल झालेले, गॅप १.४ ते १.५. दुसरा काजळीने काळा, आणि त्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर वरपासून खालच्या लोखंडापर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. तीच घाटातल्या हिसक्यांची गोष्ट. गॅप जितकी रुंद तितकं ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं. आणि चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, म्हणून आणखी जास्त. चिरलेल्या, ओल्या बुटातून ठिणगीला बाहेरून सोपी वाट मिळाली, ती पोर्सेलिनवरून घसरून लोखंडात उतरत होती. आत जाळ पोचतच नव्हता.

एक लक्षात ठेवा, पोर्सेलिनच्या तळाशी, लोखंडाला लागून दिसणारं तपकिरी वलय वेगळं. ते तिथल्या विद्युतदाबाने ओढल्या गेलेल्या धुळीचं आणि तेलकट कणांचं असतं, त्याने काही बिघडत नाही. उभी रेघ मात्र दोष दाखवते.

परत बसवताना

दुसऱ्याच्या कॉइलचा बूट गेलेला होता, त्यामुळे नवीन प्लग बसवूनही तीच रेघ पुन्हा पडली असती. कॉइल आणायलाच हवी होती, म्हणून रविवारी काम अर्धवट ठेवलं, खड्ड्यात स्वच्छ चिंध्या कोंबल्या, वर ताडपत्री. दुकानात जाताना जुनी कॉइल सोबत न्या. या इंजिनाची पुढची आणि मागची कॉइल वेगळी असते. मला आधी पुढचीच दिली होती, शेजारी ठेवल्यावर फरक दिसला.

पुढच्या रविवारी आठही प्लगांची गॅप तपासली, डब्यातून आलेली असली तरी. मग सगळ्यात महत्त्वाचं: आट्यात प्लग रॅचेटने सुरू करायचा नाही. मी रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर खोचला आणि नळी बोटांनी फिरवली. आटे तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते, जोर पोचतच नाही. सरळ लागले तर प्लग लोण्यासारखा आत जातो. आधी उलटं फिरवून ‘टक्’ असा बारीक बसल्याचा अंदाज घ्यायचा, मग सुलट. टॉर्क १८ न्यूटन-मीटर. मागे रेंच शिरत नसेल तर हाताने वॉशर टेकेपर्यंत, मग नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेऱ्यावर थांबा. आट्यांना मी ग्रीस लावलं नाही. प्लगवर मुलामा असतोच, आणि ग्रीस असलं की तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. बुटांच्या आत मात्र बोटभर सिलिकॉन ग्रीस लावलं, पुढच्या खेपेला सहज सुटावेत म्हणून.

ट्रे बसवण्याआधीच इंजिन सुरू करून शनिवारचा तपास पुन्हा केला. पुढचा एकेक कनेक्टर काढत गेले. चारही वेळा इंजिन थोडं मंदावलं, एकदाही बसलं नाही. दुसऱ्याला बाबांनी मला दोनदा करून बघायला लावलं. मग सगळं आवरलं, पाण्याच्या वाटेत तांब्याभर पाणी ओतून ते सरळ खाली जातं ना हे पाहिलं, खुणेवर वायपर बसवले.

काल बाबांना घेऊन ओंकारेश्वरला जाऊन आले. परतीला त्याच घाटात, त्याच वळणावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबला. गाडी एका श्वासात वर गेली. बाबा काही बोलले नाहीत, काच खाली करून नुसता आवाज ऐकत राहिले.

बोनेटच्या आत पांढऱ्या टेपवर तारीख आणि किलोमीटर लिहिलंय, आणि खाली मोठ्या अक्षरात: प्लग ८, मागचे ४ धरून. बाकी तीन मागच्या कॉइलांचे बूट अजून नरम आहेत. पावसाळा संपला की काऊल उचलून तेवढे पुन्हा बघणार.