लॅपटॉप निवडताना मी वजनकाटा आणि मोजपट्टी काढली

माझा जुना लॅपटॉप १५.६ इंची. सहा वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. मी भाषांतराचं काम करते आणि महिन्यातले दहा-बारा दिवस घराबाहेर असते. त्यामुळे तो टेबलावर जितका राहिला, जवळपास तितकाच माझ्या पाठीवरही राहिला. गेल्या वर्षी उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "बॅग रोज किती वजनाची असते?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.

लॅपटॉप २.२८ किलो. हे साधारण माहीत होतं. चार्जर, त्याची जाड वायर आणि मधला तो विटेसारखा ठोकळा मिळून ६१० ग्रॅम, हे मात्र ठाऊक नव्हतं. माउस आणि कव्हर धरून एकूण सव्वातीन किलोच्या आसपास. जाहिरातीत वजन छापतात ते नुसत्या यंत्राचं. खांद्यावर येतं ते सगळं मिळून. नवीन लॅपटॉप बघताना मी पहिला रकाना आखला तो 'चार्जरसह वजन' असा.

मग साहजिकच मन दुसऱ्या टोकाला गेलं. सगळ्यात हलका घ्यायचा. एक किलोच्या आसपासचे १३.३ इंची लॅपटॉप बघायला लागले आणि जवळजवळ ठरवलंही होतं. सुदैवाने धाकट्या भावाकडे त्याच मापाचा होता. तो आठवडाभर मागून घेतला आणि त्यावर खरं, मुदत असलेलं काम केलं. नुसतं उघडून बघणं आणि त्यावर सलग सहा तास काम करणं यात फार फरक असतो.

वजनाचं सुख पहिल्याच दिवशी कळलं. त्रास कळायला तीन दिवस लागले. माझ्या कामात पडद्यावर डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे भाषांतर असे दोन रकाने असतात, शिवाय एका कडेला शब्दसंग्रह. त्या पडद्याचं रेझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० होतं, म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपइतकंच. पण तेवढेच ठिपके लहान जागेत बसवल्यामुळे अक्षर बारीक झालं. देवनागरीत हे जास्त जाणवतं. अनुस्वार आहे की नाही, खाली उकार आहे की ऋकार, हे डोळे बारीक करून बघावं लागतं आणि अशाच ठिकाणी चुका निसटतात. म्हणून स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायची सोय, १५० टक्के केलं. अक्षर छान मोठं झालं, पण मावणारा मजकूर १२८० बाय ७२० च्या पडद्यावर मावेल इतकाच उरला. दोन्ही रकाने इतके अरुंद झाले की एकेक वाक्य चार-चार ओळींत मोडू लागलं. मी नकळत पुढे वाकून बसायला लागले आणि आठवड्याच्या शेवटी खांद्याऐवजी मान दुखत होती.

म्हणजे हलका लॅपटॉप बाद? तसंही नाही. इथे मी मोजपट्टी काढली आणि मला वाटतं, या सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत उपयोगी पडलं.

पडद्याचं माप सांगतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रेषेचं. त्यावरून रुंदी आणि उंची कळत नाही. त्यासाठी पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण बघावं लागतं. माझा जुना १५.६ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा, म्हणजे साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच. भावाचा १३.३ इंची त्याच प्रमाणातला, २९.४ बाय १६.६. आता १६:१० प्रमाणाचे १४ इंची पडदे मिळतात. त्यांची रुंदी सुमारे ३०.२ आणि उंची १८.८ सेंटिमीटर. उंचीचा आकडा मी दोनदा मोजला. दीड इंचाहून अधिकने लहान म्हणवणारा पडदा उंचीला माझ्या जुन्या पडद्यापेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी होता! मजकुराचं काम करणाऱ्याला उंची म्हणजे ओळी. ओळी जवळपास तेवढ्याच दिसणार होत्या. जाणार होती ती चार सेंटिमीटर रुंदी.

रुंदीचं काय करायचं, याचं उत्तर मला यंत्रात नाही, कामाच्या मांडणीत सापडलं. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ वाक्य वर आणि भाषांतर त्याच्या खाली अशीही रचना करता येते. इतकी वर्षं मी ती वापरलीच नव्हती. भावाच्याच लॅपटॉपवर दोन दिवस करून पाहिली. पहिल्या दिवशी नजर सारखी उजवीकडे जायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सवय झाली आणि लांब वाक्यांची तुलना उलट सोपी वाटायला लागली.

मधल्या काळात मोठे पण हलके लॅपटॉपही बघितले. मोठा म्हणजे जड, हे समीकरण आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. १७ इंची एलजी ग्रॅम १.३५ किलोचा आहे, १५ इंची मॅकबुक एअर १.५१ किलोचा. खांद्याच्या दृष्टीने दोन्ही चालले असते. मोह झाला हे खरं. पण वजन घटलं तरी आकार राहतोच. जवळपास ३८ बाय २६ सेंटिमीटरचा पुठ्ठा कापला आणि बॅगेत घालून पाहिला, चेन लागेना. तोच पुठ्ठा घेऊन बसच्या आसनावर बसले तर कोपरं दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना लागली. पुढच्याने आसनाची पाठ मागे केली की उभा पडदा त्यात अडकणार, हेही दिसलं. जे बहुतेक वेळा हॉटेलच्या टेबलावर काम करतात त्यांनी हे लॅपटॉप जरूर बघावेत. माझं निम्मं काम चालत्या गाडीत होतं.

आकड्यांचा कीपॅड हा आणखी एक मुद्दा. मोठ्या लॅपटॉपवर तो बहुधा उजवीकडे असतो, त्यामुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो. पडद्याच्या मध्याशी नाक आणि हात डावीकडे, अशी मी सहा वर्षं वाकडी बसत होते. हिशेबाचं काम करणाऱ्यांना तो हवाच. मला महिन्यातून एकदा बिलं बनवताना लागायचा.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवला नाही. पातळ यंत्रात उष्णता बाहेर पडायला जागा कमी असते, म्हणून जड काम बराच वेळ चाललं की त्याचा वेग उतरतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांसाठी हेच कारण मोठा लॅपटॉप घ्यायला पुरेसं आहे. माझ्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. रॅमबाबत मात्र हात आखडू नका. हलक्या लॅपटॉपांत ती बहुधा मदरबोर्डवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किटवर, कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. जुन्या यंत्रात मी तिसऱ्या वर्षी रॅम वाढवली होती. इथे ती सोय नाही म्हणून सुरुवातीलाच ३२ जीबीचा घेतला.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे: बॅटरीची क्षमता वॉट-तासांत असते, तिला सरासरी वापराच्या वॉटने भागलं की तास मिळतात. मी घेतलेल्या लॅपटॉपची बॅटरी ५७ वॉट-तास आणि माझ्या लेखनकामाला साधारण साडेसहा वॉट, म्हणजे पावणेनऊ तास. मोठ्यात बॅटरीही मोठी बसते, पण विमानात विनापरवानगी १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठे लॅपटॉपसुद्धा त्याच्या आत थांबतात. पडदा आणि प्रोसेसर जास्त वीज खात असतील तर ती मोठी बॅटरीही लवकर संपते.

शेवटी १६:१० पडद्याचा १४ इंची घेतला. काट्यावर १.३४ किलो, ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर वायरसह १८० ग्रॅम. दोन्ही मिळून १.५२. जुना लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून २.८९ होते, त्याच्या जवळपास निम्मं. त्याच चार्जरवर फोनही चार्ज होतो, त्यामुळे दुसरा चार्जर बॅगेतून गेला. रेझोल्यूशन १९२० बाय १२०० आहे, स्केलिंग १२५ टक्के ठेवते आणि अनुस्वार न वाकता दिसतात. घरी २४ इंची मॉनिटर जोडला आहे, तिथे जुनी दोन रकान्यांची मांडणी पुन्हा लावते.

प्रवासासाठी वेगळा पोर्टेबल मॉनिटर घ्यायचाही विचार केला होता. साधारण पाऊण किलो आणि वर त्याचा स्टँड. काट्यावरचं ओझं पुन्हा जुन्या आकड्याकडे सरकू लागलं, म्हणून तो नाद सोडला.

सहा महिने झाले. खांदा बराच सुटला आहे. एक काम या पडद्यावर मनासारखं होत नाही: पुस्तकाची समोरासमोरची दोन छापील पानं एकत्र तपासणं. अक्षर वाचता येईल इतकी मोठी केली तर दोन पानं मावत नाहीत. ते काम मी प्रवासात घेत नाही, घरी परतण्याच्या तारखेनंतरची मुदत मागून घेते.