भूतानला जायचंय? आधी मतदार कार्ड शोधा

भूतानला आधार कार्ड चालत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी एवढं तरी कळेल. मोठ्या माणसांना पासपोर्ट लागतो, नाहीतर मतदार ओळखपत्र. तेही मूळ हवं, मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. लहान मुलांना पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला. व्हिसा नाही, पण परमिट आहे, आणि ते याच कागदांवर मिळतं.

आमच्या एजंटला हे माहीत नव्हतं. किंवा माहीत असून त्याने मनावर घेतलं नव्हतं. ओळखीतून मिळालेला माणूस, नाव लिहीत नाही. सहलीआधी त्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, ‘सगळ्यांचे आधार पाठवा.’ मी म्हटलं, पासपोर्ट नकोत? तर म्हणे, ‘ताई, नेपाळ-भूतान म्हणजे आपलं घरच.’ मी तरी हट्टाने माझा, नवऱ्याचा आणि लेकीचा पासपोर्ट पाठवला. प्रश्न उरला आत्याबाईंचा. त्या माझ्या आतेसासूबाई, सत्तरीला आलेल्या, आणि पासपोर्ट त्यांनी जन्मात काढलेला नाही. त्यांचा अर्ज एजंटने ऑनलाइन भरला तो आधारवरून.

बागडोगराला उतरलो, गाडी ठरलेली होती, चहाच्या मळ्यांमधून जयगावला पोचलो. यात सांगण्यासारखं काही नाही. जयगाव आपलं, फुंटशोलिंग भूतानचं, मधे एक रंगीत कमान. अलीकडे हॉर्न आणि हातगाड्या, पलीकडे कुणी हॉर्नच वाजवत नाही. लेक पिंकी म्हणाली, ‘आई, आवाज बंद झाला का?’

तर परमिट. एजंटच्या छापील कार्यक्रमात लिहिलं होतं, ‘दुपारी 12.30, परमिट.’ भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. म्हणजे आमच्या 12.30 ला तिथे एक वाजला होता आणि जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. मोबाइलवर विसंबू नका. सीमेवर तो जयगावचं नेटवर्क पकडून आपलीच वेळ दाखवत बसतो.

सुट्टी संपल्यावर आम्हा तिघांचं काम पटकन झालं. मग आत्याबाई पुढे झाल्या. खिडकीत घो घातलेला एक तरुण होता. घो म्हणजे गुडघ्यापर्यंतचा, कमरेला घट्ट बांधलेला त्यांचा अंगरखा, खाली लांब मोजे. हिंदी आपल्यापेक्षा स्वच्छ. त्याने आधार बघून मान हलवली आणि पासपोर्ट किंवा मतदार कार्ड मागितलं. माझ्या पोटात गोळा आला. आत्याबाईंनी मात्र शांतपणे कापडी पिशवी उघडली. रेशनकार्ड, विजेचं बिल, कै. काकांचं पेन्शनचं पुस्तक, एलआयसीची पावती. ‘यातलं काय चालेल ते घे म्हणावं त्याला.’ पिशवीच्या तळाशी, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, मतदार कार्ड निघालं! मी तिथेच त्यांच्या पाया पडणार होते.

पण कार्डावर नाव होतं इंदुबाई. आधारवर, आणि म्हणून अर्जातही, इंदुमती. फोटो चाळिशीतला. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे बायकांच्या नावापुढे बाई लावतात, जुन्या यादीवाल्याने ऐकलं तसं लिहिलं असणार. त्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि म्हणाला, ‘हातातल्या कागदावर जे नाव आणि नंबर, तेच अर्जात पाहिजे. नवीन अर्ज भरा, मी बघतो.’ त्याचं काहीच चूक नव्हतं. म्हणूनच राग कुणावर काढावा कळेना.

एजंटला फोन लावला. ‘ताई, मी लग्नात आहे, वरात निघालीये, आवाज येत नाही.’ मागे बँड वाजत होता, ते खरं. दुसऱ्यांदा लावला तर फोन बंद. अर्ज त्याच्या ईमेलवरून भरलेला, पासवर्ड त्याच्याकडे, पैसे त्याने भरलेले. राजधानी थिम्फूचं त्या रात्रीचं हॉटेल आगाऊ पैसे देऊन ठरलेलं. नवरा म्हणाला, तू आणि पिंकी पुढे व्हा, मी आत्याला घेऊन उद्या येतो. मी म्हटलं, पुढे जाऊन काय करू, पारो बघू की फोनची वाट बघू? त्यावरून आमची कमानीखाली वाजली, भूतानच्या शांततेत जरा जास्तच ऐकू आली. आत्याबाई बाकावर बसून लेकीला चिवडा भरवत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘मला काय, पंढरीच्या रांगेत यापेक्षा जास्त बसलेय.’

शेवटी जयगावात परत आलो. एका झेरॉक्सच्या दुकानात बसून मीच नवा अर्ज भरला, मतदार कार्डावरचं अक्षर अन् अक्षर बघून, आत्याबाईंचा ताजा फोटो काढून. तिथलेच एक गृहस्थ मदतीला बसले होते. त्यांनी सांगितलं की असे ‘बाई’वाले आणि आडनाव आधी-नंतरवाले घोळ घेऊन महाराष्ट्रातली माणसं त्यांच्याकडे नेहमी येतात. रात्र जयगावात काढली. दुसऱ्या दिवशी भूतानच्या घड्याळाप्रमाणे वेळेआधी पोचलो, तोच मुलगा खिडकीत. जेवणाच्या सुट्टीआधी परमिट हातात. त्याने आत्याबाईंना दोन्ही हातांनी कागद दिला आणि किंचित वाकला. मी गाडीत बसल्यावर रडले, कशासाठी ते विचारू नका.

तुमच्या घरातल्या आजींचं कार्ड असं असेल तर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर फॉर्म 8 भरून नाव आणि फोटो दुरुस्त करता येतो. वेळ लागतो, तेव्हा विमानाची तिकिटं काढण्याआधी भरा. परमिटचा अर्जही स्वतःच्या ईमेलवरून भरा, कितीही सांगितलं तरी एजंटच्या नको. भारतीयांना शाश्वत विकास शुल्क, म्हणजे पर्यटकांवरचा कर, माणशी रात्रीला 1200 रुपये आहे. 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. बाकी बहुतेक देशांच्या लोकांना रात्रीला 100 डॉलर पडतात, म्हणून 1200 ला कुरकुर करू नका. मी केली होती.

फुंटशोलिंग सोडल्यावर रिंचेनदिंगच्या नाक्यावर परमिट पुन्हा दाखवावं लागतं, ते बॅगेच्या तळाशी कोंबू नका. गोळ्या घ्या, वळणं संपत नाहीत.

थिम्फूत सगळ्यात जास्त रमल्या त्या आत्याबाई. 1974 साली तिसऱ्या राजाच्या स्मरणार्थ बांधलेला मोठा चोर्तेन, म्हणजे स्तूप आहे, तिथे गावातल्या म्हाताऱ्या दिवसभर माळ ओढत प्रदक्षिणा घालतात. उजवीकडूनच, आपल्यासारख्या. यांनी आपली तुळशीची माळ काढली आणि त्यांच्यात जाऊन बसल्या. मणी दोन्ही माळांत 108. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी तासाभराने एकीने यांना भाजलेला मका दिला.

हो, देवळात आणि झोंगमध्ये, म्हणजे त्यांच्या किल्लेवजा मठांत, टोपी काढा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आत फोटो काढू नका. दोचुला खिंडीत 108 चोर्तेन आहेत, 2003 च्या लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत उभारलेले. 2019 मध्ये आपल्याकडचा एक बाइकवाला तिथल्या चोर्तेनवर चढून उभा राहिला होता. आमच्या ड्रायव्हरने ते अगदी सौम्यपणे सांगितलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

खाण्याची काळजी नको. एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मसाला म्हणून नाही, भाजी म्हणून. ठेचा खाणारे आम्ही, असं म्हणून नवऱ्याने वाटी ओढली आणि मग ताकाची चौकशी केली. मुलांसाठी बटाट्याची केवा दात्शी मागवा.

पारोच्या टायगर्स नेस्ट या कड्यावरच्या मठाचं तिकीट खाली पायथ्यालाच काढावं लागतं, तेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घोडं निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातं. आत्याबाई तिथवर गेल्या आणि तिथूनच हात जोडले. पुढे मठ 3120 मीटरवर, बऱ्याच पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या. मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही, दाराशी लॉकर आहेत.

आपल्या नोटा तिथे चालतात, रुपया आणि त्यांच्या न्गुल्ट्रम या चलनाचा भाव सारखाच. सुट्टे मात्र न्गुल्ट्रममध्ये मिळतात. ते परतताना फुंटशोलिंगमध्ये किंवा फार तर जयगावात संपवा, पुढे कुणी घेत नाही. थिम्फूच्या बुडालेल्या रात्रीचे पैसे मी एजंटकडे मागतेय. सध्या तो म्हणतो, ‘ताई, हॉटेलवाल्याशी बोलतो.’